नोटीस पीरियड: पेपर टाकल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत तुमचं काय काय झालं?

चाफेकळी

नवी ऑफर आलीय, त्यांना माणूस महिन्याभरात हवाय. जुनी कंपनी म्हणते, नव्वद दिवस म्हणजे नव्वद दिवस. आमच्या घरातलं एक माणूस सध्या या कात्रीत सापडलंय. (कोण ते विचारू नका, माझ्या ऑफिसातले लोकही इथे वाचतात. अरेच्चा.)

मुलाखतीची तयारी, पगाराची घासाघीस यावर भरपूर लिहून झालंय. राजीनामा टाकल्यानंतरच्या दिवसांबद्दल मात्र कुणी सविस्तर लिहीत नाही. लवकर सुटायला काय केलंत, पैसे भरलेत का, साहेब कसे वागले, हिशोब वेळेवर मिळाला का, लिहा. आयटीवालेच नकोत, शाळा, बँक, दवाखाना, कारखाना, परदेश, सगळं चालेल. कंपन्यांची नावं तेवढी टाळा.

फेज_तीन

मी हिंजवडीतून बाहेर पडले तेव्हा अगदी हेच. आधी अपॉइंटमेंट लेटर काढ आणि नोटीसचं कलम शब्द न् शब्द वाच. 'नोटीस किंवा त्याबदली पगार' असं दोन्ही पक्षांसाठी लिहिलं असेल तर बोलायला जागा असते. 'कंपनीच्या मर्जीनुसार' असं असेल तर पैसे घेऊन दारात उभं राहिलं तरी ते नाही म्हणू शकतात. माझ्या पत्रात दुसरा प्रकार होता. पैसे बेसिकवर कापणार की ग्रॉसवर, हेही तिथेच कळतं आणि त्यात फार मोठा फरक पडतो.

मॅनेजरचं पहिलं वाक्य ठरलेलं: "प्रोजेक्ट क्रिटिकल आहे, रिप्लेसमेंट आल्याशिवाय कसं सोडू?" यावर घरच्या अडचणी सांगून काही होत नाही. वडील आजारी, लग्न ठरलंय, सगळं त्यांनी ऐकलेलं असतं. मी पेपर टाकायच्या आधीच एक शीट करून ठेवली होती. कुठलं मॉड्यूल, त्यात सध्या काय अर्धवट आहे, टीममधलं कोण ते घेऊ शकेल, केटीला (काम समजावून द्यायला) किती सेशन लागतील. राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी ती मॅनेजरला पाठवली, एचआरला सीसीत ठेवून. मग दर शुक्रवारी त्याच मेलवर पुढे लिहायचं: हे झालं, हे राहिलं, ही रेकॉर्डिंगची लिंक. मॅनेजर उत्तर देत नव्हता, तरी लिहायचं. हळूहळू शीट भरत गेली आणि क्रिटिकल म्हणायला काही उरलंच नाही. शेवटी साहेबच म्हणाले, बघतो काय करता येतं ते. तारीख बरीच अलीकडे आली, उरलेल्या दिवसांचे पैसे मी भरले.

त्या पैशांवर एचआरने १८ टक्के जीएसटी लावून आकडा पाठवला होता. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं ३ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक आहे, क्रमांक १७८. नोटीसच्या बदल्यात कापलेल्या पैशांवर जीएसटी नाही, असा खुलासा त्यात आहे. ते जोडून मेल केला, संध्याकाळपर्यंत सुधारित आकडा आला. नव्या कंपनीने ही रक्कम भरून दिली, पण पगारात धरून, म्हणजे टॅक्स कापून. शिवाय वर्षाच्या आत सोडलं तर परत करायची अट. हे ऑफर स्वीकारतानाच विचारून घे.

खारीक

नव्वद दिवस अडवून धरणाऱ्या याच कंपन्यांच्या जाहिरातीत 'इमिजिएट जॉइनर्स ओन्ली' असतं. लेक सासरी पाठवायची नाही, सून मात्र उद्याच्या उद्या हवी.

मी ऑफर हातात नसताना पेपर टाकले. घरच्यांनी वेड्यात काढलं. त्याआधी कुणी विचारत नव्हतं, कारण नव्वद दिवस ऐकले की रिक्रूटर फोन ठेवायचा. प्रोफाइलवर 'सर्व्हिंग नोटीस' टाकलं आणि फोन थांबेनात. पण हे २०२१ चं सांगतोय, तेव्हाचा बाजार वेगळा होता. घराचा हप्ता चालू असेल तर या वाटेला जाऊ नका.

टेबलापलीकडची

खारीक, लेक-सून आवडलं. आता एचआरची बाजू ऐका. याच सर्व्हिंग नोटीसवाल्यांपैकी काहीजण तीन-तीन ऑफर खिशात घालून फिरतात आणि जॉइनिंगच्या सकाळी फोन बंद करतात. लॅपटॉप, आयडी कार्ड, सगळं तयार करून आम्ही वाट बघत बसतो. तरीही माझं मत विचाराल तर तीन महिने अतीच आहेत. दुसऱ्या महिन्यापासून माणूस फक्त खुर्चीत असतो.

कामाचं सांगते. साहेबांशी बोलणं झालंय, याला काही अर्थ नाही. पोर्टलवर टाकलेला किंवा मेलने पाठवलेला राजीनामाच मोजला जातो, म्हणून बोलणी चालू असतानाही कागद टाकून मोकळं व्हा. नोटीसमध्ये रजा घेतली तर बऱ्याच ठिकाणी शेवटची तारीख तितकी पुढे जाते. काही ठिकाणी उलट शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती करून देतात. पॉलिसी वाचा. काउंटर ऑफरला हो म्हणायचं असेल तर सुधारित पगाराचं पत्र हातात येईपर्यंत राजीनामा मागे घेऊ नका, "पुढच्या अप्रेझलला बघू" म्हणजे पत्र नव्हे. आणि कितीही डोकं फिरलं तरी न सांगता यायचं बंद करू नका. अ‍ॅबस्कॉन्डिंगची नोंद पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये निघते, मग रिलिव्हिंग लेटरसाठी त्याच लोकांच्या दारात जावं लागतं.

बाई_सातारा

आमच्याकडे पोर्टल नाही, रजिस्टर पोस्ट आहे. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांना त्यांच्या कर्मचाऱ्यांसाठीचा १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली लागू. कायम शिक्षकाने तीन महिन्यांची नोटीस द्यायची, कायम नसलेल्याने एक महिन्याची, किंवा त्याबदली तेवढा पगार भरायचा. राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत संस्थेला रजिस्टर पोस्टाने, दुसरी आपल्याजवळ. हसू येतं, पण आमच्या शाळेतल्या जुन्या बाई सांगायच्या की कुठे कुठे नेमणुकीच्या वेळीच कोऱ्या कागदावर सह्या घेऊन ठेवलेल्या असायच्या. पोस्टाचा शिक्का असला की असले कागद मागाहून काढता येत नाहीत.

मिस्टरांची बदली झाली म्हणून मी सोडलं, तेही नेमकं दहावीच्या तोंडावर. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, प्रॅक्टिकल आणि पेपर तपासणी उरकून जा. ते पटलं, वर्ग अर्धा टाकून मलाही जायचं नव्हतं. खरा वेळ गेला तो डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत. प्रयोगशाळेचा चार्ज माझ्याकडे होता. माझ्याही आधीच्या सरांच्या काळातली परीक्षानळ्यांची संख्या रजिस्टरवर तशीच चालत आलेली, कपाटात त्यातल्या निम्म्याही नाहीत. निर्लेखनाचा (ते सामान नोंदीतून कमी करायचा) ठराव होईपर्यंत ना-देय दाखला अडला. ज्यांच्याकडे असला चार्ज आहे त्यांनी राजीनाम्याच्या आधीच फुटक्या सामानाचं निर्लेखन करून घ्यावं. सेवापुस्तकातल्या शेवटच्या नोंदी आपल्यासमोर लिहून घ्याव्यात आणि त्यांची झेरॉक्स काढावी.

भोसरीकर

मालकाकडून कोणीच लिहीत नाही म्हणून लिहितो. आमचं छोटं वर्कशॉप, व्हीएमसी मशीनवर (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) जॉबवर्क. आमच्याकडचा नोटीस पीरियड म्हणजे १० तारखेला पगार आणि ११ ला माणूस गायब. पुढच्या गल्लीत दोन हजार जास्त मिळाले की गेला. त्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही, दोन हजारांत गावाकडचं बरंच भागतं. पण जॉबचं सेटिंग त्याच्या डोक्यात, ऑफसेट (मशीनला द्यायची मापं) कुठे लिहिलेले नाहीत, आणि चाकणला गुरुवारी माल द्यायचा असतो.

आजूबाजूचे काही मालक यावर उपाय म्हणून पंधरा दिवसांचा पगार अंगावर ठेवतात. मी ठेवत नाही. ज्याला जायचं तो तो पगार सोडूनही जातो आणि वर बाहेर चार जणांना सांगतो. मी दोन गोष्टी केल्या. प्रत्येक जॉबची सेटिंग शीट, फोटोसकट, मशीनशेजारी लावलेली. आणि जाताना पंधरा दिवस आधी सांगणाऱ्याला, नवीन पोराला शिकवून जाणाऱ्याला, हिशोबाबरोबर वेगळे पैसे. आता बहुतेक सांगून जातात. काही दिवाळीचा बोनस घेऊन तसेच जातात, त्याला इलाज नाही.

आमचे कन्सल्टंट सांगतात की २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात, आता राजीनामा देणाऱ्याचाही पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा.

टेबलापलीकडची

बरोबर, वेतन संहितेत तसंच आहे. पण ते पगाराचं. ग्रॅच्युइटीला ३० दिवसांची मुदत आहे, ती वेगळी. 'एफ अँड एफ (शेवटचा पूर्ण हिशोब) ४५ दिवसांत' असं छापील उत्तर अजूनही कुठे मिळालं तर संहितेचा उल्लेख करून शांतपणे मेल करा.

पासबुक

राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी होतो. तीन महिने नोटीस, शिवाय बाँड. बाँड कोर्टात टिकत नाही असं लोक छातीठोकपणे सांगतात, त्यांनी विजया बँकेच्या खटल्यातला मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघावा. तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरायची अट न्यायालयाने वैध ठरवली. सार्वजनिक बँकेला भरतीसाठी जाहिरात, परीक्षा सगळं पुन्हा करावं लागतं, हा त्यातला एक मुद्दा. मला स्वतःला तो निकाल कडक वाटतो, पण निकाल आहे.

माझा बाँड संपलेला होता. पण राजीनामा मंजूर होऊन येईपर्यंत शाखेच्या किल्ल्या कुणी घेईना. जॉइंट कस्टडीचा (दोघांच्या ताब्यातल्या किल्ल्यांचा) चार्ज लेखी दिल्याशिवाय एकही दिवस घरी बसू नका.

नेकारकाठ

श्टुटगार्टहून. इथे कायद्यातली साधी मुदत चार आठवडे, आणि तीही महिन्याच्या १५ तारखेला किंवा शेवटी संपली पाहिजे. प्रोबेशनमध्ये दोन आठवडे. प्रत्यक्षात माझ्या करारात तीन महिने आणि तिमाहीचा शेवट. म्हणजे एक तारीख हुकली की थेट पुढची तिमाही! इथे ई-मेलवर राजीनामा चालत नाही. कागद, शाईची सही, आणि मूळ प्रत पोचलेली हवी. मी स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली.

भारतातल्यासारखी कुणी विनवणी केली नाही, कुणी रुसलंही नाही. साहेबाने हात मिळवला, कॅलेंडर उघडलं आणि शिल्लक सुट्टी शेवटच्या आठवड्यांत बसवून टाकली. मागितल्यावर सविस्तर प्रशस्तिपत्र मिळणं हा इथे हक्क आहे. त्यातली भाषा ठरावीक असते आणि वाचणारे ओळींमधलं वाचतात, त्यामुळे मसुदा आधी मागवून एखाद्या जर्मन मित्राला दाखवा. निरोपाचा खाऊ जाणाऱ्याने आणायचा असतो. मी ब्रेत्झेल आणि आईने पाठवलेला चिवडा नेला. चिवडा आधी संपला.

चाफेकळी

सगळ्यांचे आभार, शीट बनवायला घेतली आहे. एक प्रश्न. आमच्या त्या माणसाची पाच वर्षं नव्वद दिवसांच्या आतच पूर्ण होतायत. ग्रॅच्युइटीचं काय?

बेरीज

मग लवकर सुटायची घाई करण्याआधी गणित मांड. नोटीस पीरियड हा नोकरीचाच काळ आहे, त्यामुळे शेवटच्या कामाच्या दिवशी पाच वर्षं पूर्ण असतील तर ग्रॅच्युइटी मिळते. शेवटचं बेसिक अधिक डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. बेसिक ५२,००० असेल तर वर्षाला ३०,००० पडतात, म्हणजे पाच वर्षांचे दीड लाख. माझ्या एका क्लायंटला कंपनीच लवकर सोडत होती. त्याने तारीख वाढवून घेतली आणि एवढ्यासाठी नवी कंपनीही थोडी थांबली.

बाकी माझ्या टेबलावर दरवर्षी येणारी दोन दुखणी. नव्या कंपनीला आधीच्या पगाराची माहिती ठरलेल्या फॉर्मवर दिली नाही, तर दोन्हीकडे सूट आणि स्लॅब धरले जातात आणि रिटर्न भरताना मोठी रक्कम खिशातून जाते. दुसरं पीएफचं. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही तर ट्रान्सफर अडकते. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबून ती तारीख यूएएनच्या (पीएफच्या कायम क्रमांकाच्या) पोर्टलवर आपली आपल्याला टाकता येते, कंपनीच्या मागे लागायची गरज नाही. आणि पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या आत काढलेल्यावर कर लागतो.

एडिसनवासी

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नोटीसची कायद्याने सक्ती नाही, दोन आठवडे हा रिवाज. मी सकाळी सांगितलं, दुपारी लॅपटॉप परत घेतला, दोन आठवड्यांचा पगार मात्र दिला. म्हणून सांगायच्या आधी आपले फोटो, पे-स्लिपा काढून ठेवाव्या. कंपनीचं काही घेऊ नये.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांनी नव्या कंपनीच्या व्हिसा-अर्जाची पोच आल्याशिवाय तोंड उघडू नये. मध्ये नोकरी तुटली तर जास्तीत जास्त ६० दिवस हातात असतात. आणखी एक, जे मला ऑफिसातल्या एका गुजराती काकांनी सांगितलं: आरोग्यविमा पुष्कळ कंपन्यांत महिनाअखेरपर्यंत चालतो, म्हणून शेवटचा दिवस ३० ऐवजी पुढच्या १ तारखेला ठेव. पोरांचे दात त्याच महिन्यात करून घेतले.

पांढरा_एप्रन

खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स होते. आमच्याकडे नेमणुकीच्या वेळी मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेत आणि सोडताना तीच अडवत. नोटीस दोन महिन्यांची, पण माणसं कमी, त्यामुळे दोन महिने झाल्यावरही "अजून एक ड्युटी रोटेशन कर" चालूच. एक सीनियर सिस्टर त्यात पुढची नोकरी गमावून बसल्या होत्या.

मी राजीनाम्याचं कुणाला बोललेच नाही. कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण खरोखरच आलं होतं, त्यासाठी अर्ज करून मूळ कागद काढून घेतले आणि परत जमा करताना झेरॉक्स दिल्या. क्लार्कने विचारलं, तर म्हटलं मूळ कागद ठेवायचा नियम लेखी दाखवा. तो त्याला सापडला नाही. मग राजीनामा दोन प्रतींत, आवक शिक्का मारून एक प्रत माझ्याकडे. शिक्क्यावरच्या तारखेपासून दोन महिने मोजले, शेवटच्या आठवड्यात मेट्रनना रोज आठवण दिली, नाइटचा हँडओव्हर लिहून सही घेतली. अनुभवाचा दाखला द्यायला त्यांनी पुढे बरेच दिवस लावले, तोवर नव्या हॉस्पिटलने पगाराच्या स्लिपा आणि शिक्क्याची प्रत चालवून घेतली.