विषय: २ डिसेंबरच्या तालमीआधी अर्धा तास

प्रेषक: वेर्ण्याचा केमिकलवाला

मंडळी, नमस्कार.

२ डिसेंबरला संध्याकाळी सातला मडगावात नाट्यगीतांची तालीम आहे. तिच्याआधीचा अर्धा तास मला हवाय. विषय भोपाळची वायुगळती.

दुसऱ्या दिवशी गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे बहुतेकांना सुट्टी. आम्हा प्रॉडक्शनवाल्यांना सुट्टीबिट्टी काही नाही. डिसेंबरात डिस्पॅचची मारामारी, ऑडिट, वर्षअखेरीचं टार्गेट. २ डिसेंबर हा राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिवस भोपाळच्या स्मरणार्थच पाळतात, पण आमच्याकडे गेटवर बॅनर लागतो, दोन मिनिटं सगळे उभे राहतात आणि त्यातही कुणाचा तरी फोन वाजतो. मग शिफ्ट सुरू.

ज्यांना तपशील आठवत नसेल त्यांच्यासाठी. १९८४ची २ डिसेंबरची रात्र. युनियन कार्बाइडच्या भोपाळमधल्या कीटकनाशक कारखान्यात ई-६१० या टाकीत पाणी शिरलं आणि सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू हवेत गेला. पाणी कसं शिरलं यावर कंपनी एक सांगते, कामगार दुसरं. मला अस्वस्थ करतं ते पुढचं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्या जूनपासून बंद होती. वायू धुऊन काढणारा स्क्रबर स्टँडबायवर. वायू जाळून टाकायचा फ्लेअर टॉवर होता, पण त्याच्याकडे जाणारा पाइप दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला. पाण्याचे फवारे मारले, ते वायू सुटत होता त्या उंचीपर्यंत पोचलेच नाहीत. म्हणजे व्यवस्था नव्हती असं नाही. सगळी होती, आणि त्या रात्री एकही कामाची नव्हती. पहिला सरकारी मृतांचा आकडा २,२५९. पीडितांच्या संघटना सांगतात तो याच्या कितीतरी पट.

कळवा.

---

प्रेषक: खजिनदार

केमिकलवाले भाऊ, भावना पोचल्या. पण तालीम ती तालीम. आधीच दोन पदं अजून बसलेली नाहीत, त्यात शोकसभा लावलीत तर गळे काय लागणार?

आणि दुसरं, स्पष्टच लिहिते. गोव्यात राहून स्मरणच करायचं तर १५ ऑगस्ट १९५५ला सीमेवर ज्या सत्याग्रहींनी पोर्तुगीजांच्या गोळ्या खाल्ल्या त्यांचं करू. पत्रादेवीचं स्मारक आपल्यातल्या किती जणांनी गाडीतून उतरून पाहिलंय? भोपाळ लांब राहिलं, जुनंही झालं.

---

प्रेषक: जुबेलकर (पूर्वीचा वास्कोकर)

वर्गणी न भरताही यादीतून नाव काढलं नाहीत, त्या बळावर मधे बोलतो.

इथे सौदीत माझ्या प्लँटवर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू आहे. पहिल्याच दिवशी शिकवतात की भोंगा झाला की आधी वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी बघायची, मग पळायचं, तेही वाऱ्याला आडवं. भोपाळच्या वस्त्यांना हे कुणी शिकवलंच नव्हतं. लोक वारा जाईल तिकडेच धावले आणि जितके जोरात धावले तितका जास्त वायू छातीत गेला. तोंडावर ओलं फडकं धरा, एवढं सांगितलं असतं तरी कितीतरी जण वाचले असते. वस्तीसाठीचा भोंगाही थोडा वेळ वाजवून बंद केला होता.

त्या रात्री भोपाळ स्टेशनवर गुलाम दस्तगीर हे उपस्टेशन अधीक्षक ड्यूटीवर होते. मुंबईकडे जाणारी गोरखपूरची गाडी माणसांनी भरून फलाटावर उभी. त्यांनी वरच्यांच्या हुकमाची वाट न पाहता ती वेळेआधी सोडली. येणाऱ्या गाड्या बाहेरच थोपवायला निरोप पाठवले आणि स्वतः मात्र स्टेशनातच थांबले. वायूने त्यांची प्रकृती जन्मभराची बिघडली. २००३मध्ये गेले. वेळापत्रक मोडायला धाडस लागतं हे आम्हा शिफ्टवाल्यांना विचारा.

---

प्रेषक: वेर्ण्याचा केमिकलवाला

खजिनदार ताई, पत्रादेवीला जाऊच. गाडी माझी, तारीख तुम्ही ठरवा. पण एकाचं स्मरण केलं म्हणून दुसऱ्याचं राहिलं पाहिजे असं कुठे आहे?

जुनं म्हणाल, तर त्या कारखान्यातला ३३७ टन कचरा भोपाळबाहेर पडायला २०२५चा जानेवारी उजाडला. पीथमपूरला नेला, तर तिथली माणसं रस्त्यावर उतरली. आणि लांब म्हणाल, तर २०१८च्या जानेवारीत वास्कोजवळ चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला तेव्हा अपरात्री घरं रिकामी करावी लागली होती. मंडळातली निम्मी वास्कोकर मंडळी त्याच रस्त्याने येतात.

शोकसभा मलाही नको. भाषण नको, मेणबत्त्या नकोत. मला एवढंच हवंय की प्रत्येकाने आपल्या कामाच्या जागी आज काय बायपास करून ठेवलंय ते एका चिठ्ठीवर लिहून आणावं. प्लँटवाल्यांनी इंटरलॉक (धोका दिसला की यंत्र आपोआप थांबवणारी सोय), हॉटेलवाल्यांनी सिलिंडरच्या खोलीतला गॅसगळती डिटेक्टर, सोसायटीवाल्यांनी कुलूप घातलेला आगीचा जिना. 'तात्पुरतं' म्हणून बंद केलेलं आणि किती दिवस झाले तेही. चिठ्ठ्या वाचायच्या, ज्याची त्याने परत न्यायची. माझी तयार आहे. लिहिताना बरं वाटलं नाही.

---

प्रेषक: खजिनदार

आमच्या सोसायटीत जिन्याला कुलूपच आहे. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन रात्री गेटवर. चिठ्ठी आणते. पण साताला पेटी सुरू झालीच पाहिजे.

---

प्रेषक: चिटणीस

तबलजी साडेसातशिवाय येत नाहीत हे सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा भांडण कशाचं?

साडेसहा ते सात चिठ्ठ्या. कंपनीचं, हॉटेलचं, सोसायटीचं नाव लिहू नये, नोकऱ्या सगळ्यांनाच प्याऱ्या आहेत. जुबेलकरांनी चिठ्ठी मेलने पाठवावी, मी वाचेन. फोन सायलेंटवर. हॉलच्या मागच्या दाराला टेबलं लावून ठेवलेली आहेत, ती हलवायला दोघे सव्वासहाला लागतील. कोण येतंय?