बिकानेर की जोधपूर? महाल आणि हवेल्या पाहण्यासाठी सल्ला हवा आहे

धागाकर्ता:
जानेवारीत आई-बाबांना घेऊन राजस्थानात जायचे आहे. जैसलमेर पूर्वी पाहिले आहे आणि हाताशी तीनच दिवस असल्यामुळे बिकानेर किंवा जोधपूर यांपैकी एकच शहर निवांत पाहावे, असा विचार आहे. खरेदी आणि उंटाची सफर यांत आम्हाला रस नाही. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढण फार नको. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
बिकानेरला जावे, असे मी सुचवेन. तेथील जुनागढ किल्ला सपाटीवर आहे. सह्याद्रीतल्या गडांची सवय असलेल्या माणसाला तो बाहेरून किल्ला वाटतच नाही. राजा रायसिंहाने तो १५८९ ते १५९४ या काळात बांधला आणि पुढच्या राजांनी त्यात आपापल्या महालांची भर घातली, त्यामुळे एका दालनातून दुसऱ्यात जाताना शतके बदलत जातात. अनूप महालात लाल रंगावर सोन्याचे उस्ता काम, म्हणजे उठावाची सोनेरी नक्षी आहे. मला मात्र त्याहून बादल महाल आवडला. जिथे पावसाची वाट पाहण्यात वर्षे जातात, तिथे राजाने भिंतींवर निळे ढग, विजा आणि पावसाच्या धारा रंगवून घेतल्या आहेत! तेथे बराच वेळ थांबावे. मार्गदर्शक घाई करतात. आतले जिने अरुंद आहेत, तेवढी काळजी घ्यावी.

जाता जाता सांगतो, छत्रपती संभाजीनगरातील कर्णपुरा हा भाग ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते राजा कर्णसिंह याच घराण्यातले. दख्खनेत मोगलांच्या चाकरीत असताना त्यांचे निधन तेथेच झाले.

रामपुरिया हवेल्या सकाळी लवकर पाहाव्यात. बिकानेर जिल्ह्यातल्या दुलमेरा गावच्या तांबड्या दगडातील झरोके गल्लीवर इतके झुकलेले आहेत की ऊन वर चढले की अर्धे कोरीवकाम सावलीत जाते.

प्रतिसाद २:
वरील मताशी मी अंशतः असहमत आहे. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यावर उद्वाहकाची (लिफ्टची) सोय आहे, त्यामुळे केवळ गुडघ्यांसाठी जोधपूर टाळण्याचे कारण नाही, आणि तेथील फूल महालाला तोड नाही. तिथल्याच उमेद भवन या राजवाड्याविषयी मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून १९२९ साली त्याचे बांधकाम सुरू झाले, ही हकीकत मोठी असली तरी आज पर्यटकाला त्यातले संग्रहालयच पाहता येते. बाकी हॉटेल आणि राजघराण्याचे निवासस्थान आहे.

प्रतिसाद १:
उद्वाहकाचा मुद्दा मान्य आहे. तरीही तो उतरवून देतो त्यानंतर पायऱ्या आणि उतार उरतातच, आणि उतरताना गुडघ्यांना अधिक त्रास होतो.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. बिकानेर नक्की केले आहे. पहिल्या दिवशी केवळ जुनागढ ठेवतो आणि हवेल्यांसाठी दुसऱ्या दिवशीची सकाळ. लालगढ महालही पाहण्याजोगा आहे का, की तो वेळ पुन्हा बादल महालाला द्यावा?

प्रतिसाद १:
बादल महालाला द्यावा.