इसब आहे मुलीला, शाळेची तक्रार मात्र वागण्याची

ओवीची आई, नाशिक
मुलगी सात वर्षांची, दुसरीत. तान्ही असल्यापासून इसब. आता कोपरांच्या खळग्यात आणि गुडघ्यांमागे. थंडी पडली की वाढतं. मलमं, औषधं जमतात, अडलंय दुसरीकडेच. बाई म्हणतात, एका जागी बसत नाही, शेजारणीला चिमटे काढते. घरी सगळ्यांचं 'खाजवू नकोस' चालू, सासूबाईंचा तर जपच. मग ती आमच्याकडे बघत आणखी ओरबाडते. स्नेहसंमेलनाच्या नाचात जोडीदारणीने हात धरला नाही, तेव्हापासून उन्हातही पूर्ण बाह्या. समुपदेशकाकडे न्यावं का? घरात मत असं, की लाड फार झालेत.

त्वचारोगतज्ज्ञ, सांगली
आधी सांगा, रात्री नीट झोपते का? खाजेमुळे ही मुलं रात्रभर अर्धवट जागी होत राहतात, घरच्यांना पत्ताही नसतो. अशी मुलं दिवसा पेंगतातच असं नाही, उलट चळवळी आणि चिडकी होतात. इसब असलेल्या मुलांत एडीएचडीही (लक्ष न टिकणं, अतिचळवळेपणा) जास्त आढळतो, पण शिक्का मारण्याआधी खाज आटोक्यात आणा आणि मग वागणं बघा. कार्डिफच्या डॉक्टरांनी १९९५ साली सीडीएलक्यूआय नावाची १० प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली, ४ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी. त्यात झोप, खेळ, मैत्री, चिडवणं असं सगळं विचारतात. तुमच्या डॉक्टरांकडे मागा. आणि स्टेरॉइडच्या धास्तीने मलम पुसटसं लावत नाही ना? मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंतची पट्टी, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, मोठ्यांच्याच बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला लागते.

एक बाबा, ठाणे
आमच्याकडे 'नको' बंद केलं. खाज आली की मूठ आवळून ३० आकडे मोजायचे, तरी राहिली तर तिथे नख नुसतं दाबायचं. सुरुवातीला लेक मुठी आवळून माझ्याकडेच खुन्नस देऊन बघायचा! हे समुपदेशकांनीच शिकवलं. जरूर न्या, लाडांचा काही संबंध नाही.

निवृत्त शिक्षिका, सातारा
बाईंना भेटून पंख्याखालची जागा मागा, घामाने खाज वाढते. वर्गात 'हे हात धरल्याने होत नाही' एवढंच सांगावं, तेही ओवीला विचारून. तिला पुढे उभं करून भाषण नको.

ओवीची आई
सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असतात, म्हणजे झोपेचं खरंच असावं. प्रश्नावली मागते. नखं मात्र जागेपणी कापू देत नाही, त्याचं काय करता?

एक बाबा, ठाणे
आंघोळीनंतर, मऊ असताना. आणि आधी तिला तुमची कापू द्या.