मदत हवी आहे : मालिद्याच्या जेवणातील पदार्थ मांसाचे, दुधाचे की तटस्थ?

नमस्कार. ठाण्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या बेने इस्राएली (कोकणातल्या मराठी ज्यू समाजातील) कुटुंबात पुढील महिन्यात मालिद्याचा विधी (आभारप्रार्थना आणि पोह्यांचा गोड प्रसाद) असून त्यानंतरच्या जेवणासाठी मी तेथील काकूंना मदत करणार आहे. स्वयंपाक त्यांच्याच घरी, त्यांच्याच भांड्यांत होईल आणि कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियमांनुसार चालणारी, कोंबडीही त्याच आणतील; परंतु इस्राएलहून येणारे त्यांचे नातलग कश्रूतचे, म्हणजे याच आहारनियमांचे, नियम फार काटेकोरपणे पाळत असल्याने, माझी यादी काकूंपुढे ठेवण्याआधी जाणकारांनी ती तपासावी, अशी विनंती आहे.

करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरामध्ये (ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात) तीनदा येते आणि मांस व दूध एकत्र न शिजवण्याचा, न खाण्याचा नियम तिच्यावरूनच ठरला. कोंबडीही रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) मांसातच धरली आहे. त्यामुळे दह्याची कोशिंबीर, तुपाची फोडणी, श्रीखंड आणि जेवणानंतरचा दुधाचा चहा हे सर्व मी वगळले आहे. धान्ये, डाळी, भाज्या, फळे आणि अंडी पारवे, म्हणजे तटस्थ (ना मांसाचे, ना दुधाचे; दोन्हींबरोबर चालणारे). म्हणून पोहे, ओले खोबरे, साखर आणि सुकामेवा यांचा मालिदा, तसेच तेलातील वालाचे बिरडे निर्धास्तपणे ठेवता येते. गोडासाठी नारळाच्या दुधातील, गव्हाच्या चिकाचा हलवा आहे. मांसाच्या जेवणानंतरही चालेल असे पक्वान्न कोकणातल्या या समाजाने घरच्या नारळातून सिद्ध केले, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

खरी अडचण पुढे आहे. बिरड्याचे कांदा-लसणाचे वाटण मांसासाठी वापरल्या जाणाऱ्या मिक्सरच्या भांड्यात केले, तर तिखट, उग्र पदार्थ भांड्याचा अंश ओढून घेतात या नियमामुळे ते बिरडे मांसाचेच मानावे लागेल का? तसे असल्यास उरलेले बिरडे दुसऱ्या दिवशी दह्याबरोबर खाता येणार नाही, हे काकूंना आधीच सांगावे लागेल.

रावस हा पर आणि खवले असलेला मासा असल्याने तटस्थ आहे, तरी मासे व मांस एकत्र शिजवत नाहीत. मग तळलेला रावस वेगळ्या ताटल्यांत कोंबडीच्या आधी वाढणे पुरेसे होईल का?

बदामाचे दूध मांसाबरोबर वाढताना, पाहणाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून शेजारी बदाम ठेवावेत, असे जुन्या धर्मग्रंथांत सांगितले आहे. सोलकढीजवळ खोबऱ्याचे तुकडे ठेवण्याची प्रथा येथील घरांत आहे का?

शेवटची शंका विकतच्या पावाची. पाकिटावरचा हिरवा ठिपका दुधाच्या पदार्थांवरही असतो, त्यामुळे येथे त्याचा उपयोग नाही. घटकांच्या यादीत दुधाची भुकटी, लोणी किंवा केसीन नसले तरी पाव तटस्थ मानता येतो का, की पाव टाळून तांदळाची भाकरीच करावी? ज्यूंमधील सेफार्दी आणि अश्केनाझी या दोन परंपरांपैकी उत्तर कोणत्या रीतीप्रमाणे आहे, हेही कृपया लिहावे.