किनाऱ्याने 600 सागरी मैल, एकट्याने : नांगर घ्यावा की स्वयंचलित सुकाणू?

शिडवाट :
माझी शिडाची होडी 22 फुटांची आहे. दिवसा प्रवास आणि रात्री आडोशाच्या पाण्यात नांगरून मुक्काम, असा बेत आहे. खर्चाची मर्यादा एक नवे मोठे शीड शिवून घेण्याइतकीच असल्यामुळे अधिक वजनाचा नांगर किंवा सुकाणूच्या दांड्याला जोडायचे, होडीची दिशा आपोआप धरून ठेवणारे स्वयंचलित यंत्र, यांपैकी एकच घेता येईल. सध्या 8 किलोचा नांगर, 5 मीटर साखळी आणि 30 मीटर दोर आहे.

नांगरगाठ :
नांगरच घ्या. एका रात्री वारा फिरला, आमचा नांगर घसरत गेला आणि जाग आली तेव्हा खडक होडीच्या दोन लांबींवर होते. त्यानंतर दुप्पट वजनाचा नांगर घेतला. तो आजवर एकदाही सुटलेला नाही.

निळीरेघ :
एकट्याने जाणाऱ्याने आधी डोलकाठीच्या टोकावर अँटेना असलेला व्हीएचएफ (बोलण्याचा रेडिओ संच), एआयएस (आसपासच्या जहाजांची जागा दाखवणारी यंत्रणा) आणि नकाशाचा मोठा पडदा बसवावा. मी तिन्ही बसवले आहेत. व्हीएचएफच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जात असल्याने हातातल्या संचाची हाक फार लांब पोहोचत नाही, आणि संकटात 16 क्रमांकाच्या चॅनेलवर हाक कोणी ऐकलीच नाही तर नांगराचा काय उपयोग?

शिडवाट :
आभारी आहे, मात्र ही तिन्ही साधने माझ्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर आहेत.

जुनी_डोलकाठी :
खर्च इंजिनावर करा. माझ्या आऊटबोर्डचा (होडीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनाचा) पाण्याचा पंप दोनदा दुरुस्त करूनही ऐन खाडीच्या मुखाशी बंद पडला. ओहोटीचा प्रवाह बाहेर आणि वारा आत, अशा वेळी तिथे उभ्या, आखूड लाटा उठतात. दुरुस्तीवाल्याने दोन्ही वेळा पूर्ण पैसे घेतले, याचा राग अजून गेलेला नाही.

ओहोटी :
नांगराचे वजन बदलण्याआधी दोराची लांबी पाहा. 4 मीटर खोलीत पाचपट म्हणून 20 मीटर दोर सोडणारे पुष्कळ भेटतात. पण त्यात भरतीने वाढणारे 2 मीटर आणि पाण्यापासून नाळेपर्यंतचा (होडीच्या पुढच्या टोकापर्यंतचा) 1 मीटर धरला, तर उंची 7 मीटर होते. दोर अधिक आणि साखळी कमी असेल तर सातपट, म्हणजे सुमारे 49 मीटर सोडावे लागते. आपल्याकडे सारे मिळून 35 मीटरच आहे.

नांगरगाठ :
गर्दीच्या मुक्कामात 49 मीटर सोडले तर होडी वाऱ्यासोबत शेजाऱ्यावर जाऊन आदळेल. म्हणूनच वजनदार नांगर हवा.

ओहोटी :
दोर फार उभा झाला की नांगराचा दांडा वर उचलला जातो आणि वजनदार नांगरही उपटला जातो. जागा अरुंद असेल तर साखळी वाढवावी किंवा दुसरीकडे जावे.

किनारपक्षी :
वर सांगितल्याप्रमाणे नांगरच घ्यावा. शीड कमी करताना पुढचे शीड उलट बाजूला ओढून धरावे आणि सुकाणूचा दांडा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस बांधावा, म्हणजे होडी शांतपणे थोपून राहते. माझी होडी अशी तासभर राहते. यंत्राची गरज पडत नाही.

शिडवाट :
सर्वांचे मनापासून आभार. बहुमत नांगराचे असूनही मी यंत्र घेणार आहे. माझ्या होडीचा कील (तळाखालचा उभा पाता) अरुंद व खोल आहे. थोपवून धरण्याचा प्रयत्न मी अनेकदा केला, पण ती दर वेळी नाळ फिरवून निघून जाते, आणि वारा 20 नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) वर गेल्यावर दांडा सोडून डोलकाठीपाशी जाण्याचा धीर होत नाही. त्यामुळे शीड आवळायला मला नेहमी उशीर होतो, आणि दिवसभरात सरासरी 4 नॉटने 40 मैल कापायचे म्हटले तर दहा तास दांडा हातात धरून थकल्यावर हा उशीर वाढतच जातो. दोराबाबतचा सल्ला मात्र मी पूर्ण मानला आहे. 30 मीटरच्या जागी 60 मीटरचा अखंड दोर घेतला असून तो मर्यादेत बसला. व्हीएचएफ तूर्त हातातलाच राहील.

नांगरगाठ :
निर्णय आपला आहे, पण 8 किलोवर मला झोप लागणार नाही.