बेसकोटवर दोन दिवसांनी क्लिअर मारताना

गाडी रंगवताना ‘बेस (रंगाचा थर) हाताला सुकला की क्लिअर (वरचा पारदर्शक, चकचकीत थर) कधीही मारा’ असं काही जण सांगतात, ते मला पटत नाही. सॉल्व्हंट बेसवर (पाण्यात नव्हे, थिनरमध्ये कालवायचा) क्लिअर मारायला बऱ्याच कंपन्या साधारण 24 तासांची मुदत देतात. नक्की आकडा त्या रंगाच्या टेक्निकल शीटवर (कंपनीच्या माहितीपत्रकावर) बघा. मुदत टळली की क्लिअर बेसला धरत नाही, नुसता वर बसतो. दिसायला झकास, पण गिट्टी उडून लागली की तिथूनच पापुद्रा सुटतो.

माझ्या स्कूटरच्या पॅनेलचं हेच झालं. मे महिना, नागपूरचं ऊन, बेस मारला अन् गनला हवा देणारा कॉम्प्रेसर बंद पडला. तिसऱ्या दिवशी नुसती धूळ पुसून क्लिअर मारला. दिवाळीपर्यंत फूटबोर्डाजवळ संत्र्याच्या फोडीवरच्या पातळ सालीसारखा नखाने निघायला लागला. दुसऱ्या खेपेला करड्या स्कॉचब्राइटने (बारीक घासणीने) हलकं घासलं, टॅक क्लॉथ (धूळ टिपणारं चिकट कापड) फिरवला, बेसचा एक पातळ हात पुन्हा दिला आणि तो मॅट दिसू लागताच क्लिअर. मेटॅलिक रंग असेल तर हा मधला हात अजिबात टाळू नका. घासलेल्या मेटॅलिकवर थेट क्लिअर मारला तर ओरखडे खालून जास्तच उठून दिसतात. अन् आपल्याकडच्या उन्हाळ्यात थिनर स्लोच (हळू सुकणारा) घ्या, नाहीतर रंग गनमधून निघून पॅनेलवर पोचेपर्यंतच सुकतो.