सांडपाण्याचा हिशेब शाळेच्या बाकांनी फिटतो का?

खाडीकाठ (गुहागर):
लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका उद्योजकांनी काल या चर्चेत असे मांडले की, मोठ्या कंपन्यांकडे प्रक्रिया केंद्र, प्रयोगशाळा आणि पर्यावरण अधिकारी असतात, खरी घाण लहान धंदेवाले करतात, आणि तरीही कोकणात शिव्या मोठ्यांनाच पडतात. मोठे चांगले वागतात याचा पुरावा म्हणून त्यांनी आपल्या कंपनीने शाळांना दिलेल्या बाकांची आणि एका रुग्णवाहिकेची छायाचित्रे जोडली आहेत. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावीच लागते. तेव्हा बाक ही मेहेरबानी नव्हे. शिवाय दुसऱ्या एखाद्या कायद्याने जे काम बंधनकारक आहे, त्याचा खर्च या खात्यात धरता येत नाही, असे नियमच सांगतात. आणि सांडपाणी शुद्ध करणे हे १९७४ च्या जल कायद्याने घातलेले बंधन आहे. कायद्याने वेगळी ठेवलेली ही दोन खाती आपण एकाच छायाचित्रात का बसवता?

लोटे-परशुराम वसाहतीचे पाणी प्रक्रियेनंतर दाभोळ खाडीत येते. माझे आजोळ या खाडीवरचे, मासेमारी करणाऱ्या भोयांचे. मामा पाग (फेकायचे जाळे) घेऊन पाण्यात उतरण्याआधी पोटऱ्यांना खोबरेल चोळतो, कारण एरवी तासाभरात खाज सुटते. पावसाच्या पहिल्या मोठ्या सरींबरोबर बोय मासळी पोट वर करून तरंगू लागते, आणि ते पाणी कोणत्या कारखान्याने सोडले हे त्याला आजवर कोणी सांगितलेले नाही.

उद्योजक (लोटे):
आपल्या मामांबद्दल मला आदर आहे, परंतु आपण माझ्या मुद्द्याला बगल दिलीत. वसाहतीतील अनेक लहान घटकांना स्वतःचे पूर्ण प्रक्रिया केंद्र परवडत नाही, म्हणून सर्वांचे पाणी सामूहिक केंद्रात जाते. आम्ही आमच्या दारात मोजून पाणी सोडतो. पुढे कोण काय मिसळतो त्याचे पाप आमच्या माथी का? आणि वसाहतीबाहेर पाहा. चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड, काढून संपला की खाणीचा खड्डा तसाच उघडा टाकून मालक पुढच्या डोंगराला लागतो. त्या खड्ड्यांवर आपण कधी एक ओळ लिहिलीत का?

निवृत्त केमिस्ट (चिपळूण):
मी आयुष्य अशाच केंद्रांवर काढले आहे, त्यामुळे थोडे तपशिलात सांगतो. सामूहिक केंद्र हे मुख्यतः जिवाणूंच्या जोरावर चालते. प्रत्येक सभासदाने आम्लता आणि घनपदार्थ आपल्या दारातच आटोक्यात आणून पाणी पाठवायचे असते. एकाने जरी रात्रीच्या पाळीत तीव्र आम्ल किंवा द्रावक सोडले, तर टाकीतले जिवाणू मरतात, आणि ते पुन्हा वाढेपर्यंत इतर सगळ्यांचे प्रामाणिक पाणीही जवळजवळ कच्चेच बाहेर पडते. बाहेर पडणाऱ्या पाण्याची सीओडी (त्यातली घाण रासायनिक रीतीने विघटित व्हायला किती ऑक्सिजन लागेल याचे माप) लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत असावी लागते, परंतु त्या रात्री ती कितीही असू शकते. असे करणारा लहानच असतो हे मला मान्य नाही. लहान माणूस अज्ञानाने आणि पैशाअभावी करतो. मोठा करतो तेव्हा वेळापत्रक पाहून, पावसाचा अंदाज घेऊन करतो. मोठा म्हणजे अमुक कंपनी असे मी म्हणत नाही, हे उद्योजक महोदयांनी लक्षात घ्यावे.

काजूवाली (वेंगुर्ले):
‘अज्ञानाने करतो’ हे आपण बसल्या जागी ठरवलेत, काका! आमचा कारखाना भर वस्तीत आहे. काजूची बी ड्रममध्ये भाजण्याऐवजी वाफेवर शिजवली की टरफलाच्या तेलाचा तो डोळे झोंबवणारा धूर पुष्कळ कमी होतो, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे, आणि म्हणूनच आम्ही कर्ज काढून बॉयलर घेतला. बी फोडायला बसणाऱ्या बायका हाताला राख चोळून बसतात, तरी तळव्यांची कातडी काळी पडते; त्यांना हातमोजे दिले तर काम मंदावते, आणि मजुरी किलोवर असल्याने त्याच ते काढून ठेवतात. यावर कोणत्या अहवालात काय उपाय लिहिला आहे? प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राच्या नूतनीकरणासाठी मात्र आम्ही खेटे घालायचे.

बागायतदार (देवगड):
सांडपाणी राहू द्या, हवेचे बोला. जयगडला १२०० मेगावॉटचा कोळशावरचा प्रकल्प उभा राहतानाच रत्नागिरीच्या बागायतदारांनी आंब्याच्या मोहोराचे काय होणार, हा प्रश्न विचारला होता. शेतकऱ्याचे नुकसान कधी ‘हवामान बदल’, तर कधी ‘तुडतुडा’ (मोहोरावरची कीड) असे लिहून अधिकारी मोकळे होतात.

खाडीकाठ:
हवेवर अवश्य बोलू. पण आंब्याला मोहोर लवकर यावा म्हणून आपण कल्टार घालता ना? पावसाळ्यात बुंध्याभोवती खड्डे घेऊन ओतलेले ते संजीवक मातीत दीर्घकाळ टिकते, आणि कातळउतारावरचे पाणी शेवटी कोणाच्या विहिरीत जाते, हे आपणच सांगा.

बागायतदार (देवगड):
कल्टारची शिफारस दापोलीच्या कृषी विद्यापीठाची आहे. झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजून मात्रा ठरवायची असते. आम्ही मापाने घालतो. दोन वर्षांच्या कराराने बाग घेणारा व्यापारी बेमाप ओततो आणि झाड पिळून निघून जातो, त्याला जाऊन विचारा.

काजूवाली:
करार त्याला देतो कोण, दादा? आगाऊ रक्कम तर आपणच घेता! आणि कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरून वाशीच्या बाजारात जातो, त्या पेट्या काय खाडीतून वाहत येतात? २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ते नाव ठरावीक भागातल्याच आंब्याचे, तरी छापील पेट्या हव्या तितक्या मिळतातच.

बागायतदार (देवगड):
आमच्या गावातून अशी एकही पेटी जात नाही. वाशीला बसलेल्यांच्या उद्योगाचा जाब मला विचारणे हा शुद्ध अन्याय आहे. आपण कर्जावर बॉयलर घेतलात म्हणून बाकी सगळे चोर ठरत नाहीत.

काजूवाली:
मी चोर म्हटलेले नाही. आपल्यालाच तो शब्द सुचला.

निवृत्त केमिस्ट:
आंबा आता पेटीतच राहू द्यावा. माझे ‘अज्ञानाने’ हे वेंगुर्ल्याच्या ताईंना लागू नाही, एवढे मी मागे घेतो; वसाहतीतल्या लहान घटकांना ते लागू आहेच. आता उद्योजक महोदयांसाठी. ‘पुढे कोण काय मिसळतो’ हा बचाव आपण करता, परंतु केंद्र चालवणाऱ्या संस्थेत सभासद म्हणून आपणही बसता. प्रत्येक सभासदाच्या जोडणीवर मोजमाप बसवून ते आकडे एकमेकांना आणि गावाला दाखवा, अशी मागणी आपण तिथे कधी केलीत? मोठ्याकडे पैसा जास्त असतो, त्याहीपेक्षा बैठकीत त्याचे वजन जास्त असते.

उद्योजक (लोटे):
ठीक आहे. बाकांची छायाचित्रे आपणां सर्वांना इतकी खुपत असतील तर काढून टाकतो. ती मुले आता जमिनीवर बसत नाहीत, याचा आनंद मात्र मला राहणारच. जोडणीनिहाय मोजमापाची सूचना वाईट नाही, फक्त ती आणणाऱ्याला बैठकीत पुन्हा कोणी चहा विचारणार नाही, हेही केमिस्टसाहेबांना ठाऊक असेल. आकडे जाहीर करायचे तर संचालकांची परवानगी लागेल.

खाडीकाठ:
कोणत्या आकड्यांसाठी परवानगी? केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी घेतलेल्या प्रकल्पाला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो सार्वजनिक दस्तऐवज मानला जातो. आपल्याकडे मंजुरी असल्याचे आपणच मागे अभिमानाने लिहिले होते. शेवटचा अहवाल इथे जोडा. वाचून काय ते बोलू. चिरेखाणींवर मी स्वतंत्र लिहितो, तोवर आपल्याला माहीत असलेल्या उघड्या खड्ड्यांची गावे इथे टाकून ठेवा.

उद्योजक (लोटे):
अहवाल शोधावा लागेल. खड्ड्यांची यादी आज रात्री देतो.

काजूवाली:
यादी आज रात्री आणि अहवाल शोधावा लागेल. बरे.